डाव्या दाराचा स्पीकर

तुळसाबाईनं गाडीत नवीन टेप बसवायचं ठरवलं, ते काही गाण्यांच्या हौसेपायी नाही. नवरा बोलेनासा झाला म्हणून.

बोलेनासा म्हणजे घरात नव्हे. घरात मारोतराव भरपूर बोलत. कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसून दूधवाल्याशी बोलत, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडत, पुण्याला असलेल्या लेकीला, पायलला, फोनवर तिथलं हवामान विचारत. गप्प होत ते फक्त गाडीत. आणि गाडीत त्यांच्या शेजारी असायची एकटी तुळसाबाई. यातून जो अर्थ निघतो तो तिनं काढला होता, आणि काढून गुपचूप पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. पस्तीस वर्षं एकाच बाईचं ऐकून माणसाचं पोट भरत असेल. जेवणाचं भरतं, तर बोलण्याचं का नाही?

गाडी म्हणजे पांढरी मारुती एट हंड्रेड. मारोतराव दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते तेव्हा एका हेडमास्तरांकडून जुनीच घेतलेली. "मारोतरावाची मारुती" हा विनोद त्यांच्या बोरी अरब गावानं इतक्या वेळा केला होता की आता त्यावर कोणी हसत नसे, पण करायचं सोडतही नसे. मारोतरावांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि तरी नातवाचं नाव मारोतीच कसं ठेवलं, याचं उत्तर त्या घरात कोणाकडेच नव्हतं. आता डॅशबोर्डवर बोटभर उंचीची बुद्धमूर्ती होती आणि तिच्या मागं काचेला निळा झेंडा. गाडी चालायची. फक्त चढ आला की थोडा विचार करायची.

या गाडीत तुळसाबाईचा निम्मा संसार झाला होता, असं म्हटलं तर ते खोटं नाही. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर चोरी केल्यासारखं वाटायचं. मग पोरं झाली, त्यांचे अभ्यास आले, पाहुणे आले. दोघांना दोघंच असायला जागा मिळाली ती या दोन पुढच्या सीटांवर. दारव्ह्याचा बाजार, यवतमाळचा दवाखाना, महागावचं माहेर. गाव मागं पडलं की तिचं तोंड सुटायचं. कोणाच्या सुनेनं काय केलं, आपल्या पोरानं काय करायला नको होतं, काल स्वप्नात काय आलं. मारोतराव रस्त्यावरची नजर न काढता "हं" म्हणत. पण तो "हं" जागच्या जागी पडायचा, ढोलकीवाल्यानं गाणाऱ्याचा श्वास ओळखून थाप द्यावी तसा. त्या "हं"वर तुळसाबाईनं कितीतरी मोठी दुःखं यवतमाळपासून बोरीपर्यंत हसत हसत आणली होती.

दोन-तीन वर्षांपासून हा "हं" चुकायला लागला. आधी उशिरा यायचा. मग नको तिथं यायचा. मग येईना.

एकदा तिनं मुद्दाम परीक्षा घेतली. पांढरकवड्याकडे वाघ फिरत असल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या तेव्हाची गोष्ट. गाडी चाललेली, आणि ती अगदी सहज म्हणाली, "अजी, मागच्या सीटवर वाघ बसला हाये."

"हं," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

तेव्हा ती पोट धरून हसली. घरी येऊन भाजी निवडायला बसली, तोवर ते हसू कुठं गेलं ते तिलाच कळलं नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यात शकुबाई गेली. शकुबाई म्हणजे तिची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती महागावला आईबापाच्या घरी येऊन राहिली, आणि आईबाप गेल्यावर तीच तुळसाबाईचं माहेर झाली. चोळीचा खण, लोणच्याची बरणी, निघताना वेशीपर्यंत सोबत, सगळं एकट्या शकुबाईनं चालवलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. तुळसाबाईनं घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या लालीबाईच्या हातात दिली आणि गाडीत येऊन बसली. आर्णी येईपर्यंत ती काही बोलली नाही. आर्णी मागं पडली, दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकलेल्या तुरी लागल्या, आणि तेव्हा तिच्या तोंडून निघालं:

"आता महागावात मले ये म्हणणारं कोणी नाही राह्यलं जी."

एवढंच. तिला उत्तर नको होतं. जागच्या जागी पडलेला एक "हं" पुरला असता. मारोतराव समोर बघत होते. एक पूल गेला. एक ट्रक गेला. मग ते म्हणाले,

"पेट्रोल टाका लागते."

त्या दिवसापासून तुळसाबाईनं गाडीत बोलणं सोडलं. भांडली नाही, रुसली नाही. पाणी वाया जातंय म्हणून नळ बंद करावा, तसं. दोघं बाजूबाजूला बसून जात आणि बाजूबाजूला बसून येत. मधूनच डावीकडून एखादी मोटारसायकल सूं करून पुढं निघाली की मारोतराव दचकत आणि म्हणत, "या पोट्ट्याईले हॉर्न देता येत नाही का आजकाल?" पोट्ट्यांनी हॉर्न दिलेला असायचा. पण तुळसाबाई मनात म्हणायची, आपण कशाला सांगा.

असं पाच-सहा महिने गेले. गाडीतलं ते मुकेपण शेवटी तिलाच सोसेना. बोलणारा नवरा बंद पडला, तर निदान बोलणारी गाडी असावी, असा तिनं हिशोब केला. गाडीतला जुना टेप कॅसेटचा होता. शेवटची कॅसेट त्यानं पायल शाळेत असताना गिळली होती, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडात तुळसाबाई दवाखान्याच्या चिठ्ठ्या कोंबून ठेवत असे.

"आई, आता मोठा स्क्रीन येतो," पायल फोनवर म्हणाली. "त्यात सिनेमापण दिसतो."

"मले सिनेमा नाही पाहायचा. मले आवाज पाहिजे."

"बाबांनी हो म्हटलं?"

"त्याईले विचारलं नाही अजून."

विचारायच्या आधी तिनं मनात सगळी तयारी केली होती. ते म्हणतील कायले पाहिजे, मग मी असं म्हणेन. ते म्हणतील गाडीच जुनी, मग मी तसं म्हणेन. प्रत्यक्षात मारोतरावांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बसवू ना. मी बी तेच म्हणून राह्यलो होतो. गाडीत लय सुनं सुनं वाटते आजकाल."

सुनं! तुळसाबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं पोळपाट जरा जोरातच ओट्यावर ठेवला. शेजारच्या सीटवर मी जितीजागती बसलेली असते. मी काय सरकीची गोणी हाये?

यवतमाळला आर्णी रोडला श्रावणचं दुकान होतं. श्रावण पस्तिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. हायवेवरच्या ट्रकांना टेप बसवता बसवता तो इथवर आला होता आणि ट्रकवाल्यांशी बोलायचा आवाज अजून त्याच्या गळ्यातून गेला नव्हता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर थाप दिली आणि म्हणाला, "काकाजी, गाडी पुरानी हाये पण पत्रा सोनं हाये. असा बेस देतो, बाजूच्या गाडीतल्या माणसाच्या शर्टाचं बटन तुटन."

"कोणाचं बटन नाही तोडायचं," तुळसाबाई म्हणाली. "गाणं समजलं पाहिजे."

"मंग मागं डिक्कीत एक वूफर टाकू ना काकू."

"डिक्कीत आमच्या पिशव्या राह्यतात भाऊ. वूफरवर कांदे ठेवू का?"

श्रावण हिरमुसला, पण कामाला लागला. नवीन डेक, पुढच्या दोन दारांत दोन स्पीकर, मागच्या काचेखालच्या फळीत दोन, एवढ्यावर ठरलं. त्यानं जुना टेप खेचून काढला तेव्हा त्याच्या पोटातून चिठ्ठ्या निघाल्या, पायलची एक गुलाबी क्लिप निघाली, आणि तपकिरी फितीचा एवढा मोठा गुंता निघाला. मारोतरावांनी तो गुंता हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहत राहिले. "कोणतं गाणं असन हे?" ते म्हणाले. तुळसाबाईला गाणं माहीत होतं. सांगायला तिचं तोंड उघडलंही होतं. मग तिनं ते मिटलं.

दारांचे आतले पत्रे निघाले, वायरी ओढल्या, पत्रे परत बसले. पहिल्यांदा आवाज सोडला तेव्हा गाण्याच्या मागून एक बारीक घूं ऐकू यायला लागलं. रेस वाढवली की ते घूं पण वाढायचं. श्रावणनं कपाळाला हात लावला, डेकच्या मागची एक वायर काढून गाडीच्या पत्र्याला दुसरीकडे कसली, आणि घूं गेलं. मग बेस. बेस लागला तशी डॅशबोर्डवरची मूर्ती थरथरायला लागली आणि हळूहळू काठाकडे सरकली.

"कमी कर बावा," मारोतराव म्हणाले. "त्याईचं ध्यान मोडते."

आता राहिली तपासणी. श्रावणच्या दुकानाची ही एक रीतच होती, आणि ती झाल्याशिवाय तो कोणाची गाडी सोडत नसे. गाडीत पुढं जे कोणी बसतं त्यांनी आपापल्या जागी बसायचं. इंजिन चालू ठेवायचं, कारण बंद गाडीत काय, कोणताही टेप गोड लागतो. मग डोळे मिटायचे. श्रावण बाहेरून खिडकीत हात घालून आवाज कधी एका दाराकडे, कधी दुसऱ्या दाराकडे वळवणार, आणि ज्या बाजूनं आवाज येईल तो हात वर करायचा. "डोळे उघडे असले का माणूस स्पीकरकडं पाहून सांगते," तो म्हणायचा. "मले कानाची गवाही पाहिजे."

मारोतराव स्टिअरिंगमागं बसले. तुळसाबाई त्यांच्या डाव्या बाजूला, मांडीवर पर्स घेऊन. दोघांनी डोळे मिटले. श्रावणचं तपासणीचं गाणं ठरलेलं होतं, एक ढोलकी आणि एक बासरी.

ढोलकी वाजली. थेट तुळसाबाईच्या गुडघ्याजवळ. तिनं डावा हात वर केला.

"थांबा," श्रावणचा आवाज आला. "आता?"

बासरी वाजली, पलीकडून. तिनं उजवा हात वर केला.

"पुन्यांदा एक खेप. डोळे बंद. आता?"

ढोलकी, गुडघ्याजवळ. तिचा डावा हात वर गेला. श्रावण काही बोलेना, म्हणून तिनं डोळे उघडले. मारोतराव डोळे मिटून ताठ बसले होते, आणि त्यांचा उजवा हात वर होता.

"काय हो हे," श्रावण हसायला लागला. "काकू डावा म्हणते, काकाजी उजवा म्हणतात, अन् वाजून राह्यला एकच! घरी बी असंच राह्यते का?"

पलीकडे उभा असलेला एक टॅक्सीवाला मोठ्यानं हसला. मारोतराव डोळे न उघडता म्हणाले, "मी बरोबर सांगून राह्यलो. इकडूनच येते."

श्रावणचं हसू मावळलं. ग्राहक खोटं कशाला बोलेल? चूक आपल्याच वायरींची असणार. त्यानं डेक पुन्हा बाहेर ओढला, मागच्या वायरी अदलाबदल केल्या, डेक आत ढकलला. "आता सांगा." बासरी डावीकडून वाजली. तुळसाबाईचा डावा, मारोतरावांचा उजवा. ढोलकी उजवीकडून वाजली. दोघांचा उजवा. श्रावणनं वायरी होत्या तशा केल्या. मग त्यानं डाव्या दाराचा पत्रा खोलला, स्पीकर काढला, फुंकर मारली, त्याच्याकडे संशयानं बघितलं आणि परत बसवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "नवाकोरा पीस हाये, काकाजी. आजच डबा फोडला. असं कधी झालं नाही मले." मग आवाज अगदी बारीक करून त्यानं पुन्हा फक्त डावा स्पीकर लावला. "आता आयका बरं. येऊन राह्यला का?"

तुळसाबाईच्या गुडघ्याशी ढोलकी हळू वाजत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते डोळे मिटून वाट बघत होते. दोन्ही हात मांडीवर, उजवा थोडा उचललेला, मास्तरांनी प्रश्न विचारायची वाट बघणाऱ्या प्रामाणिक पोरासारखा. ढोलकी वाजत होती आणि ते ती सुरू होण्याची वाट बघत होते.

नेहमी गाडीत बोलायची, तेवढ्याच आवाजात ती म्हणाली,

"अजी, मागच्या सीटवर वाघ बसला हाये."

मारोतरावांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

मग तिला एकेक दिसायला लागलं, आणि ज्या क्रमानं दिसायला हवं होतं त्या क्रमानं नाही. घरातली त्यांची खुर्ची कोपऱ्यात, डावा खांदा भिंतीला टेकलेला, सगळं घर उजव्या हाताला. फोन नेहमी उजव्या कानाला. जेवताना ती वाढायला उजवीकडून येते. डावीकडून निघून गेलेल्या मोटारसायकली. आणि जिनिंग. ती एकदा डबा द्यायला गेली होती तिथं. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या मशिनींची लांबच लांब रांग, कानात बोटं घालावी असा धडधडाट, आणि त्या रांगेच्या टोकाला उभे असलेले मारोतराव, सगळ्या मशिनी त्यांच्या डाव्या हाताला. निवृत्त होईपर्यंत डाव्याच हाताला.

म्हणजे पोट भरलं नव्हतं त्यांचं. पोहोचलंच नव्हतं.

"भाऊ," ती श्रावणला म्हणाली, "तुह्या वायरी बरोबर हायेत. आमचीच एक वायर ढिली हाये."

"कोणती?" श्रावणनं लगेच वाकून डेकखाली बघितलं.

मारोतरावांनी डोळे उघडले. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना मान पूर्ण फिरवून उजवा कान पुढं केला. हेही ते कितीतरी दिवसांपासून करत असावेत. तिला ते ऐकण्यासाठी मान वळवणं वाटलं नव्हतं. तिला तो वैताग वाटला होता.

शेजारच्या टपरीवर दोघं चहाला उभी राहिली. ती सवयीनं त्यांच्या डावीकडे उभी राहिली, मग कपातला चहा सांभाळत त्यांना अर्धा वळसा घालून उजवीकडे आली. मारोतरावांनी तिचं ते येणं बघितलं. मग त्यांनी चहा बशीत ओतला.

"जिनिंगमधी सगळ्याईचेच कान जातात थोडे थोडे," ते म्हणाले. "मले वाटलं, माहा बी थोडा गेला असन."

"पुरा गेला. ढोलकी वाजून राह्यली होती तुमच्या बाजूले."

"मले वाटलं त्यानं सुरू नाही केली."

दोघंही थोडं हसली. मग ते हसायचं थांबले.

"मले तं वाटे, तूच बोलनं सोडलं," ते म्हणाले. "शकुबाई गेल्यापासून. म्हतलं, दुःख हाये, नको छेडू. आपल्या मनानं बोलन तवा बोलन. पण मंग गाडीत लय सुनं वाटे. म्हणून तू टेप म्हतला, अन् मी हो म्हतलं."

तुळसाबाईला पोळपाट आठवला. "त्याच्या आधीपासून बोलत होती मी," ती म्हणाली. "दोन-तीन वर्सं बोलत होती."

"काय काय बोलली?"

"आता ते सगळं ध्यानात राह्यते का?"

तिला सगळं ध्यानात होतं.

"डॉक्टरले दाखवा लागन," ती म्हणाली.

"तो कानात मशीन घालन. लोक म्हातारा म्हणतीन."

"आत्ता काय नवरदेव म्हणतात?"

दोघं गाडीकडे परत आली तेव्हा श्रावण अजून डाव्या दाराजवळ पत्रा चाचपत उभा होता. मारोतरावांनी त्याला कानाचं सांगितलं. स्वतःच सांगितलं, तिच्या तोंडून येऊ दिलं नाही. श्रावणचा चेहरा एकदम मऊ झाला, पण धंद्याची बुद्धी जागीच होती. "मंग काकाजी, सगळा आवाज उजवीकडं फिरवून देतो. डावा बंदच करून टाकतो."

"कायले?" तुळसाबाई म्हणाली. "मले दोन्ही कान हायेत. माह्या बाजूचा राहू दे."

मारोतराव स्टिअरिंगमागं बसले. तुळसाबाईनं डावं दार उघडलं, क्षणभर त्या सीटकडे बघितलं, दार लावलं, आणि वळसा घालून मागच्या उजव्या दाराला हात घातला. ते दार इतक्या वर्षांत इतकं कमी उघडलं होतं की ते अडून बसलं. श्रावणनं दोन हातांनी खेचलं तेव्हा ते किंचाळत उघडलं. ती मारोतरावांच्या बरोबर मागं बसली.

"काकू, मागं काहून?" श्रावणनं विचारलं.

"पुढून रेंज येत नाही."

गाडी आर्णी रोड सोडून शहरातून दारव्ह्याच्या रस्त्याला लागली. गाणं वाजत होतं. खरंच चांगलं वाजत होतं. ढोलकी ढोलकीसारखी, बासरी बासरीसारखी. चौकात एका ओळखीच्या बाईनं गाडीत वाकून बघितलं, पुढची रिकामी सीट बघितली, मागं बसलेली तुळसाबाई बघितली, आणि तिच्या डोळ्यांत बोरी अरबपर्यंत पोहोचणारी एक अख्खी बातमी तयार झाली. भांडली वाटते. तुळसाबाईनं तिला हसून हात केला.

मग ती पुढं सरकली. दोन सीटांच्या मधून नाही. खिडकीच्या बाजूनं, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन.

"जरा बारीक करा."

मारोतरावांनी लगेच आवाज बारीक केला. लगेच. तिला एवढ्याचंच इतकं नवल वाटलं की पुढं काय बोलायचं ते ती विसरली.

"मागच्या सीटवर वाघ बसला हाये," ती म्हणाली.

"वाघ नाही तो," मारोतराव म्हणाले. "मले आवाज ओळखू येते."

ती हसली. आरशात तिला त्यांचे डोळे दिसत होते; समोरून कधी इतके नीट दिसले नव्हते. शहराचं टोक जवळ येत होतं. एक पेट्रोल पंप लांबून दिसत होता. आताच बोललं नाही, तर हे पुन्हा गाठीत बांधलं जाईल, हे तिला कळत होतं. ऐकू आलं नव्हतं तोवर निदान एक सोय होती; आता जर ऐकू येऊनही उत्तर आलं नाही, तर मग दोष द्यायला कान उरणार नव्हता.

"मी महागावहून येताना एक गोष्ट म्हतली होती तुमाले," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "म्हतलं, आता महागावात मले ये म्हणणारं कोणी नाही राह्यलं."

गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मारोतराव रस्त्याकडे बघत होते, अगदी त्या दिवशी बघत होते तसे. पंप जवळ आला. त्यांनी इंडिकेटर दिला.

"पेट्रोल टाका लागते," ते म्हणाले.

तुळसाबाई सीटला पाठ टेकून बसली. तिनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली. काच खाली होती. पंपावरचा माणूस आला, त्यानं मागं बसलेल्या बाईला बघितलं, पुढं बसलेल्या माणसाला बघितलं, आणि साहजिकच मागं वाकून विचारलं, "मॅडम, किती टाकू?"

"डायवरले विचारा," तुळसाबाई म्हणाली.

"फुल कर," मारोतराव म्हणाले. "महागावले जाऊन याचं हाये."

तिला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

मारोतराव मागं वळले नाहीत. आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाले, "लालीबाईले फोन लाव. म्हण, किल्ली काढून ठेव अन् दोन भाकरी जास्तीच्या टाक. घर उघडू, झाडू मारू. रात्री तिथंच राहू." मग जरा थांबून, "मी जाईन आधी आत. अन् आतून तुले म्हणीन, ये."

पेट्रोल भरून झालं. गाडी बोरीच्या रस्त्याला न लागता वळली, आणि आल्या वाटेनं शहरात शिरून परत आर्णी रोडकडे निघाली. श्रावणच्या दुकानासमोरून जाताना तो धावतच बाहेर आला. त्याला वाटलं, तक्रार घेऊन आले. मारोतरावांनी त्याला उजवा हात वर करून दाखवला. तुळसाबाईनं डावा.

दुकान मागं पडलं. मारोतरावांनी हात पुढं करून गाणं बंद केलं. मग त्यांनी मान थोडी मागं कलती केली, उजव्या बाजूनं.

"काय म्हतलं?"

"काही नाही म्हतलं मी."

"मंग म्हण ना."